पूर्णगडात गिफ्ट कोण घेणार?

शनिवारी दुपारी मी शेंगदाणे भाजत होते, तेव्हा मुग्धाचा फोन आला. "आई, सोमवारी गावची बैठक आहे. माझ्या दुकानाबद्दल. बहुतेक बंद कर म्हणतील," असं ती इतक्या सपाट आवाजात म्हणाली, की जणू सोमवारी पाणी येणार नाही एवढंच सांगत होती. मी म्हणाले, "बरं." तीही म्हणाली, "बरं." फोन बंद झाला आणि शेंगदाणे करपले.

मुग्धा माझी एकुलती एक मुलगी. पुण्यात चांगल्या नोकरीत होती. दीड वर्षापूर्वी ती नोकरी सोडून रत्नागिरीच्या खाली पूर्णगड नावाच्या गावात गेली आणि या दिवाळीत तिथं भेटवस्तूंचं दुकान काढलं. मी तिला म्हणाले होते, "बाहुल्या विकायला इंजिनिअर कशाला व्हायला हवं होतं?" तेव्हापासून आमचं बोलणं तब्येत आणि हवामान यापलीकडे जात नव्हतं. उद्घाटनाला मी गेले नाही. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघा दुखत होताच, पण इतकाही नाही.

शनिवारी संध्याकाळी पिशवी भरली. मुग्धाला कळवलं नाही. कळवलं असतं तर "कशाला येतेस" म्हणाली असती, आणि मग मी खरंच गेले नसते.

या ब्लॉगवर मी आजवर देवस्थानं आणि धबधबे लिहिले. या वेळचा प्रवास वेगळा होता, पण ज्यांना पूर्णगडला जायचंय त्यांच्यासाठी रस्ता, बस, जेवण सगळं नेहमीसारखं सांगते.

रविवारी सकाळी सांगलीहून कोल्हापूर आणि तिथून रत्नागिरीची एसटी. बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे कोल्हापूर ते रत्नागिरी शंभराच्या आसपास पडलं. मलकापूर सोडलं की आंबा घाट लागतो. डिसेंबरातली हवा, दरीतून वर येणारं धुकं, हे सगळं होतं. पण खरं सांगते, मी त्यातलं फार काही पाहिलं नाही. गावची बैठक म्हणजे काय, तिथं बाहेरून आलेल्या एकट्या मुलीला काय काय ऐकवतात, याच विचारात साखरपा आलं. रस्ता रुंद करायचं काम जागोजागी चालू आहे, म्हणून चार तास लागतात असं कुणी सांगितलं तर पाच धरून चाला.

रत्नागिरीत स्टँडजवळ एका लॉजवर खोली घेतली. आठशे रुपये, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. दुपारी जवळच्या खानावळीत बांगड्याचं ताट घेतलं. दोन भाकऱ्या, तांबडं कालवण, एक तळलेला तुकडा, भात आणि सोलकढी. दोनशे वीस रुपयांत पोट भरून उरलं. गल्ल्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. पैसे देताना सहज विचारल्यासारखं करून मी विचारलं, "पूर्णगडला म्हणे नवीन गिफ्टचं दुकान झालंय?"

"ऐकलंय," ते म्हणाले. "पण पूर्णगडात गिफ्ट कोण घेणार हो? खेकडे?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. मीही हसले, आणि बाहेर आल्यावर मला त्या हसण्याचा राग आला. माझ्याच पोरीच्या दुकानावर मी का हसले? पण महिनाभरापूर्वी मी स्वतः हेच बोलले असते.

सोमवारी सकाळी साडेसातला रहाटाघर स्थानकातून पूर्णगडची गाडी मिळाली. वेळा बदलतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि उजव्या बाजूची खिडकी धरा. भाट्याचा पूल ओलांडला की उजव्या हाताला समुद्र आणि सुरूची झाडं दिसतात. पुढं जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे उघडी पठारं, मधूनमधून आंब्याच्या बागा, मग पावस. पावसला निम्मी गाडी रिकामी झाली आणि माझ्या शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा येऊन बसले. हातात औषधांची पिशवी. नाव सुर्वे. तीस वर्षं बोटीवर भांडारी होते, म्हणजे जहाजावरचे स्वयंपाकी. जगातली निम्मी बंदरं पाहून आता पूर्णगडात परत.

"तुम्ही कोणाकडे?" त्यांनी विचारलं.

"किल्ला बघायला," मी म्हणाले. पोस्टाच्या काउंटरवर मी तेहतीस वर्षं काढली, खोटं बोलायची सवय नाही. कान गरम झाले.

"एकट्या?"

"एकटीच फिरते मी. तिथं एक गिफ्टचं दुकानही आहे म्हणतात."

सुर्वेकाकांनी मान हलवली. "आहे. बरं आहे दुकान. मी प्रत्येक बंदरावर असली दुकानं बघितली. आमच्याकडे नव्हतं, ते झालं. पण पाटी इंग्रजीत लावलीन त्या पोरीनं. मी चष्मा लावला तरी मला वाचता येईना. आणि आज तर बैठकच आहे."

"का?"

"सुक्या मासळीच्या बायका तिथं वळणावर बसतात, वर्षानुवर्षं. दुकान झालं आणि गाड्या यायला लागल्या. गाड्या लागतात नेमक्या त्यांच्या जागेवर. त्यात मागच्या महिन्यात एक बाई आली होती, गॉगलवाली. दुकानाच्या पायरीवर उभी राहून नाकाला रुमाल लावलान आणि म्हणाली, हा वास कसला, ह्यांना इथून उठवा ना. तेव्हापासून गावात झालंय की दुकान राहिलं तर मासळी उठणार."

"दुकानवाली असं म्हणाली का?"

"ती नाही म्हणाली. पण लोक म्हणतात, म्हणेल उद्या."

गाडी उतारावरून खाली निघाली होती आणि समोर खाडीचं तोंड दिसायला लागलं होतं.

पूर्णगडला उतरल्यावर मी दुकानाकडे गेले नाही. धीर झाला नाही. आधी किल्ल्यावर गेले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घाबरू नये, घरांच्या मधून दहा मिनिटांची चढण आहे. दरवाजाच्या अलीकडे मारुतीचं देऊळ, दरवाजावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरलेले. किल्ला इवलासा आहे, पाव तासात फिरून होतो, तिकीट नाही. पाणी मात्र बरोबर न्या. पलीकडच्या तटावरून मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते ती जागा दिसते, आणि पलीकडे गावखडीची लांबच लांब वाळू. मी तटावर बसून खालची कौलं मोजत होते. यातलं माझ्या मुलीचं कौल कुठलं, हे मला ठाऊक नव्हतं. दीड वर्षात मी एकदाही विचारलं नव्हतं.

खाली आले तर वळणावर तीन बायका सुकी मासळी मांडून बसल्या होत्या. सुकट, बोंबील, सोडे. त्यांच्या मागं वीस पावलांवर निळं दार असलेलं दुकान. दार अर्धं उघडं. मी बायकांसमोर उभी राहिले. त्यातली मोठी, साठीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, म्हणाली, "काय बगताव? सोडे ताजे हायत. वायच बसा, उन्हातून आलाव."

तिला बाकीच्या दोघी चंद्रावैनी म्हणत होत्या. मी दगडावर बसले. शंभर रुपयांची सुकट घेतली. मग हळूच म्हणाले, "नवीन दुकान झालंय म्हणे. तुमचा धंदा वाढला असेल."

"वाढतोय कसला? गाडीवाले काच खाली करून इचारतात, गाडीत वास येईल म्हणून घेत नायत. आमच्या जागेवर गाडी लावतात आनि आमालाच म्हणतात बाजूला व्हा."

"दुकानवाली मुलगी कशी आहे?"

"चांगली हाय. पोरांना बोलावते, चित्रा काढायला देते. माझ्या सुनेकडून पिशव्या शिवून घेतलान." चंद्रावैनींनी बोंबलांवरची माशी हाकली. "पन एक गोष्ट माझ्या मनात बसली. ती गॉगलवाली बोलली ना आमाला, तेवा ही पोर दारातच उबी होती. तिनं तसा काय बोललान नाय, खरा हाय. पन त्या बाईला थांबवलान पन नाय. खाली मान घालून आत गेली. मला वास येतो म्हटलेला चालता, गो. मासळीला वास येनारच. पन आपल्या मानसानं खाली मान घातली, ता नाय चालत."

मी सुकटीची पुडी पिशवीत घालायला गेले, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "तुमी तिची आय ना?"

माझा हात तसाच थांबला. "कशावरून?"

"तुमचा फोटू लावलान ना तिनं गल्ल्याच्या मागं, दारातनं दिसतो. पोस्टाच्या खिडकीत बसलेला. मगाशी किल्ल्यावर चढलात तेवाच वळखला मी. मुद्दाम बोललो. तिला सांगायला आमाला जमला नाय. आता तुमी सांगा."

बाकीच्या दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला रडू येत होतं आणि हसूही. मी उठले आणि निळ्या दारातून आत गेले.

मुग्धा पाठमोरी होती, कागदावर काहीतरी लिहीत होती. दुकान मला वाटलं होतं तसं नव्हतं. शिंपल्यांचे गणपती वगैरे काही नव्हतं. करवंटीचे दिवे, हातभर लांबीच्या लाकडी होड्या, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या, गावातल्या पोरांनी काढलेल्या चित्रांची कार्डं, आमसुलांच्या बरण्या. आणि गल्ल्यामागं खरंच मी होते, चाळिशीतली, केस काळे, हातात शिक्का.

ती वळली. बघतच राहिली. मग म्हणाली, "आई, नाश्ता केलास का?"

"नाही."

तिनं मला स्टुलावर बसवलं, मागच्या खोलीतून पोहे आणले, चहा ठेवला. मी खाल्ले. पोह्यांत ओलं खोबरं चांगलं मूठभर होतं. मग मी विचारलं, "बैठकीत काय सांगणार आहेस?"

तिनं कागद दाखवला. गाड्या एसटीच्या थांब्याजवळच्या मोकळ्या जागेत लावायच्या. वळणावर दगड ठेवायचे. तिच्याकडे आमसुलांसाठी पिशव्या बंद करायचं यंत्र होतं, त्यात मासळीची पाकिटं केली तर गाडीत वास येणार नाही आणि पाहुणे घेतील. सगळं मुद्देसूद. पोरीनं खरंच विचार केला होता.

"सगळं बरोबर आहे," मी म्हणाले. "पण त्यांचा राग याचा नाहीये." आणि चंद्रावैनींनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं.

मुग्धाचा चेहरा उतरला. "मी घाबरले गं," ती म्हणाली. "नवीन दुकान. ती बाई दोन होड्या घेणार होती. मला वाटलं, उलट बोलले तर सगळीकडे वाईट लिहील. मला वाटलं वैनींना ऐकूच आलं नसेल."

"ऐकू आलं होतं. काउंटरवर मी इतकी वर्षं बसले, एक सांगते. रांग लांब झाली तर लोक चिडतात आणि विसरतात. पण आपण त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तर ते विसरत नाहीत."

तिनं कागद पुन्हा वाचला. मग म्हणाली, "हे आधी म्हणायला हवं."

"हो. आणि मीही काहीतरी आधी म्हणायला हवं होतं. मी तेव्हा बाहुल्यांचं बोलले ते—"

"आई, चहा उतू चाललाय," ती म्हणाली आणि आत पळाली. परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं. आम्ही तो विषय तिथंच सोडला, आणि तो सुटला.

चार वाजता देवळाच्या मंडपात बैठक भरली. पन्नासेक माणसं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, मी खांबाला टेकून. सरपंचबाईंनी विषय सांगितला आणि मुग्धाला उभं केलं. तिनं हातातला कागद घडी करून ओढणीत धरला.

"गाड्यांचं मी नंतर बोलते," ती म्हणाली. "आधी चंद्रावैनींशी बोलायचंय. वैनी, त्या दिवशी ती बाई तुम्हाला बोलली आणि मी खाली मान घालून आत गेले. मी घाबरले होते. पण ती माझी चूक झाली. सगळ्यांसमोर सांगते, माझं चुकलं."

कुणीतरी खोकलं.

चंद्रावैनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आनि परत कोन तसा बोलला तर?"

"तर मी सांगेन, आधी वैनींची माफी मागा, मग दुकानात या. नाहीतर येऊ नका."

"आनि होडी नाय घेतलान तिनं तर?"

"तर होडी राहील दुकानात."

मागून कुणीतरी हसलं, मग दोघं, मग सगळा मंडप. चंद्रावैनी नाही हसल्या. त्यांनी फक्त मान डोलावली आणि पदर सारखा केला. "मंग झाला," त्या म्हणाल्या. "मला दुसरा काय म्हणायचा नाय."

तिथून पुढं सगळं भराभर झालं. गाड्या थांब्याच्या पुढं येणार नाहीत, असं ठरलं. वळणावर दगड कोण आणणार यावर दोन माणसांत थोडी बाचाबाची झाली, कारण दोघांनाही आणायचे होते. पाकिटांच्या यंत्राबद्दल मुग्धा म्हणाली, ते फुकट वापरा. त्यावर चंद्रावैनींनी हात वर केला. "फुकट नको. आमी आधी बगू कसा चालता ता, मंग आमचा आमी ठरवू." सुर्वेकाका उठले आणि पाटी मराठीत हवी म्हणाले. रंग ते स्वतः देणार होते. शेवटी कोपऱ्यातले एक म्हातारे, जे सबंध वेळ झोपलेत असं मला वाटत होतं, डोळे उघडून म्हणाले, "सगळा ठीक हाय. पन गिफ्ट म्हणजे नक्की काय?"

सरपंचबाईंना हसू आवरेना. बैठक संपली ती अशी.

मंडपाच्या पायऱ्या उतरताना माझ्या लक्षात आलं, की शनिवारपासून मी खांदे वर उचलूनच चालत होते. ते आपोआप खाली आले.

मंगळवारचा दिवस मी दुकानातच काढला. तुम्ही गेलात तर सकाळी दहा ते एक आणि चार ते सात उघडं असतं. लाकडी होडी साडेतीनशेपासून, कार्डं वीस रुपये, आमसुलं तर घ्याच. जेवायची सोय आधी फोन करून सांगितलं तर गावातच घरगुती होते. मी चंद्रावैनींच्या सुनेकडे जेवले. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुळथाची पिठी. सांगलीकडचं माझं तोंड सुकटीला बिचकायचं. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

गावातली माणसं दिवसभर काही ना काही निमित्तानं डोकावत होती. शाळेतल्या तीन मुली दहा मिनिटं एकच पेन निवडत होत्या. जयगडच्या बंदरावर नोकरीला असलेला एक तरुण बायकोसाठी काहीतरी हवं म्हणाला, काय हवं ते सांगेना. मुग्धानं त्याला बायकोचा आवडता रंग विचारला, तोही त्याला ठाऊक नव्हता. बिचारा बाहेर जाऊन फोन करून आला. कालचा झोपाळू म्हातारा आला, एकेक वस्तू हातात घेऊन किंमत विचारून गेला आणि जाताना म्हणाला, "कळला आता. उगाच द्यायची वस्तू." माझ्या मते याहून चांगली व्याख्या होणार नाही.

दुपारी उन्हं कलल्यावर चंद्रावैनी आल्या. पायरीपाशी थांबल्या, चपला काढल्या.

"असू देत वैनी, सगळे घालूनच येतात," मुग्धा म्हणाली.

"मासळीच्या हायत गो."

"म्हणून तर म्हणते, असू देत."

त्यांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि चपला पुन्हा पायांत सरकवून आत आल्या. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा. हात पाठीमागं धरून, काही लागू नये अशा बेतानं सगळं फिरून बघितलं. त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती, बारसं रविवारी होतं. पाळण्याला टांगायचं लाकडी माशांचं झुंबर त्यांनी पसंत केलं. "ह्यो बांगडा नाय," त्या एका माशाकडे बघून म्हणाल्या. "बांगड्याची शेपटी अशी नसते. कोनी केलान?"

"पावसच्या एका सुतारानं."

"त्याला माझ्याकडे पाठव. मी दाखवते." मग भावावरून पाच मिनिटं घासाघीस झाली. माझी मुलगी हरली. मला आनंद झाला.

बुधवारी सकाळच्या गाडीनं निघाले. मुग्धा थांब्यापर्यंत आली. वळणावर चार मोठे दगड आधीच पडले होते आणि त्यांच्या आत मासळीच्या तीन पाट्या मांडलेल्या होत्या, ऐसपैस. पाया पडून ती म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." एवढंच. पण तो आवाज शनिवारचा नव्हता.

परतीच्या आंबा घाटाचं वर्णन माझ्याकडे नाही. साखरप्याला डोळा लागला तो मलकापूरला कंडक्टरनं उठवलं तेव्हा उघडला.

गुरुवारी आमची भिशी होती. गेलं दीड वर्ष कुणी मुग्धाचं विचारलं की मी "पुण्यात असते" एवढंच म्हणून वाटी पुढं सरकवायची. या वेळी विचारलं तेव्हा सांगितलं, पूर्णगडला तिचं दुकान आहे, भेटवस्तूंचं. चौघींनी एकदम माना वळवल्या. एकीनं विचारलं, "चालतं का गं?"

"ते अजून सांगता येत नाही," मी म्हणाले. "पण गावानं तिला ठेवून घेतलंय."